लांडग्याशी सोयरीक

शिरूरहून दौंडकडे निघालं की मध्ये एक माळ लागतो. म्हणजे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर तो लागतही नाही. अलीकडे कारेगावच्या बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं, पलीकडे पाटसच्या अंगाला ऊस, आणि या दोघांच्या मधोमध पिवळंधमक, उघडंबोडकं, मुरमाचं पठार. सातबाऱ्यावर त्याच्यापुढे 'पड' असं लिहिलेलं असतं. माझी पुण्याची मेव्हणी तर आणखी पुढे गेली. गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना मान फिरवली आणि म्हणाली, "भाऊजी, इथं बघायला काय आहे?"

"काही बघू नकोस," मी म्हणालो. "पाच मिनिटं नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. तिसऱ्या मिनिटाला तिच्यापासून दहा पावलांवर असलेला एक दगड उठला आणि चालायला लागला. मेव्हणी अशी किंचाळली की तो दगड थांबला, त्याने मान वर करून तिच्याकडे नापसंतीने पाहिलं आणि पुन्हा टुकूटुकू पळाला. तो धाविक पक्षी होता. तपकिरी अंग, डोळ्यावर पांढरी भुवई, पाय काड्यांसारखे. त्यानंतर तिने माळावर प्रत्येक दगडाला वळसा घालून चालायला सुरुवात केली, आणि मी काही खुलासा केला नाही.

असा हा माळ. स्वभावाने लाजाळू आणि थोडा खट्याळ. कार्तिकात तिथे भोवत्या येतात, हे लांब पंखांचे शिकारी पक्षी. गवतावरून इतके खालून तरंगत जातात की वाटावं, कुणाची तरी कानातली पडली आहेत आणि हे शोधायला आले आहेत. चिंकारा दिसतो तो पळतानाच. पण गडी थोडा पळतो, थांबतो आणि मागे वळून पाहतो, आपल्याला कुणी पाहतंय की नाही याची खात्री करायला. ज्येष्ठात चंडोल आभाळात उभा चढत जातो आणि टिपक्याएवढा होईपर्यंत गातो. कुसळी गवत मात्र बारा महिने तुमच्या पायजम्यावर प्रेम करतं. माझ्या बायकोने माझे कामाचे कपडे धुणं केव्हाच सोडलं आहे. ती म्हणते, "आधी झाडाला बांधून झोडपा, मग मशीनमध्ये टाका."

आणि लांडगा. या माळावर लांडगे आहेत. दिसत नाहीत, पण आहेत. तुम्ही टेकडावर पोचता तेव्हा तो तुम्हाला बघून, तुमच्याबद्दल मत बनवून निघून गेलेला असतो.

माझं या माळावर जाणं नोकरीमुळे. मी पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे मी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्या वर्षी काहींना सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षापासून हाक आली की 'ओ' देऊ लागलो. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, गाईगुरांचे कानातले बिल्ले तपासायचे आणि जिथे चहा मिळेल तिथे चार गोष्टी सांगायच्या. यातलं शेवटचं काम सरकारने सांगितलेलं नाही. ते मी आपणहून, मनापासून करतो.

माळावर माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे एक मेंढपाळ जोडपं. त्यांना मी आप्पा आणि मामी म्हणतो. शे-सव्वाशे मेंढ्या, दोन घोडी, एक कोंबडी जी घोड्यावर बसूनच प्रवास करते, आणि एक तांबडी कुत्री. आप्पा बोलायला कमी. मामी त्यांच्या वाटणीचंही बोलते. तांबडी ही कळपाची राखणदार. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात गेल्या, की ती बाहेरून फेऱ्या मारायची.

तर एका दिवाळीच्या आगेमागे ही तांबडी आठ दिवस गायब झाली. आप्पांनी माळ पालथा घातला. नवव्या दिवशी ती आपण होऊन परत आली, पाण्याच्या घमेल्यात तोंड घातलं आणि जणू काही शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आलो अशा चेहऱ्याने वाघरीपाशी पडून राहिली. पौषात तिला तीन पिल्लं झाली. दोन तिच्यासारखी तांबडी, गुबगुबीत. ती लगेच मागून नेली लोकांनी. तिसरं राखाडी, लांब टांगांचं, शेपूट खाली सोडलेलं, डोळे उसाच्या रसाच्या रंगाचे. ते कुणी मागितलं नाही.

मी गेलो तेव्हा ते मामीच्या मांडीवर होतं. मी वाकून पाहिलं. मग सरळ झालो, टोपी काढली, आणि आप्पांना लवून नमस्कार केला.

"आप्पा, अभिनंदन. व्याही मोठे मिळाले."

आप्पांना समजायला एक क्षण लागला. मग ते खांदे हलवत हसले. आप्पा हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

"आन् मानपान काय केला म्हनावं?" ते म्हणाले. "पोरगी नेली, न विचारता आणून सोडली."

मामी हसली नाही. "डॉक्टर, हे इथंच ठिवा," ती म्हणाली. "खाली जाऊन सांगत बसू नका."

मी गळ्याची शपथ घेतली. आणि खरं सांगतो, मी ती पाळली. दुपारपर्यंत.

दुपारी मी कारेगावला चहाच्या टपरीवर होतो. कारखान्याची पाळी सुटलेली, बाकावर आठ-दहा जण, आणि माझ्या खिशात ही अशी गोष्ट. मी काय करणार? मी उभा राहिलो आणि सगळा प्रसंग करून दाखवला. फेटा बांधून मांडवात बसलेला लांडगा. त्याच्या पुढ्यात पान-सुपारी. 'आमच्याकडे शाकाहारी पंगत नसते' असं सांगणारी लांडग्याची आई. आप्पा आहेर म्हणून घोंगडी देतात आणि लांडगा ती दातांनी तपासून घेतो. टपरीवाल्याने त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे लावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटसला एस.टी.ची वाट बघताना तोच प्रयोग केला. मग एका साखरपुड्यात, मग दूध डेअरीच्या ओट्यावर. प्रत्येक वेळी एखादं पात्र वाढायचं.

महिन्याभराने कारेगावच्याच टपरीवर क्रेन चालवणारा एक परप्रांतीय गडी मला डोळे मोठे करून सांगू लागला, "साहब, उधर पहाड़ी पे एक बाबा है. भेड़िया पाला है. हर अमावस को उसको एक बकरा देता है, तो वो बाकी को छोड़ देता है."

मी पोट धरून हसलो. माझंच पिल्लू केवढं मोठं होऊन माझ्याकडे परत आलं होतं! मला त्यात भीती वाटावी असं काही दिसलं नाही. हे माझं चुकलं.

वैशाखात मी आंत्रविषाराची लस घेऊन माळावर गेलो. उन्हाने मुरूम चटके देत होता. माळटिटवी उघड्यावर अंड्यांवर उभी राहून स्वतःची सावली पाडत होती, आणि मी तिच्यापासून वीस हातांवर असूनही 'टी-ई' करून मला दटावत होती. एरवी आप्पा लांबूनच हात करतात. त्या दिवशी त्यांनी हात केला नाही. मेंढ्या धरून दिल्या, मी टोचत गेलो, शंभरेक मेंढ्या झाल्या तरी एक शब्द नाही. राखाडी पिल्लू आता पाच महिन्यांचं, गुडघ्याच्या वर आलेलं. ते दोन कोकरांच्या मधे झोपलं होतं. त्याला मामीने पहिल्यापासून वाघरीत कोकरांबरोबरच ठेवलं होतं. मेंढरांच्या वासात वाढलं की राखण शिकतं, अशी त्यांची पद्धत.

शेवटी मीच विचारलं, "यंदा खाली कधी उतरायचं?"

"उतरायचं कुठं?" आप्पा म्हणाले. "काकू न्हाई म्हनाल्या."

आता या काकू कोण ते सांगतो. माळाच्या उतारावरून खाली पाटसच्या अंगाला ज्यांची जमीन आहे, त्या. एकेकाळच्या सरपंच. शेत स्वतः बघतात, ट्रॅक्टरवाल्याला स्वतः ओरडतात. ऊस कारखान्याला गेला आणि मागे राहिलेल्या बुंध्यांचा खोडवा मोडला की दर वैशाखात आप्पांच्या मेंढ्या त्यांच्या रानात बसतात. दिवसा चरायचं, रात्री रानात मुक्काम. मेंढ्यांच्या लेंड्यांनी रान खतावतं, आप्पांना ज्वारी मिळते आणि मुख्य म्हणजे कॅनॉलचं पाणी मिळतं. वैशाखात माळावर पाणी नसतं. शंभर मेंढ्या आणि पाण्याविना एक महिना, याचा हिशेब मला कुणी समजावून सांगायला नको होता.

"का नाही म्हणाल्या?"

"माझ्या रानात लांडगा नको, म्हनाल्या. दोन वासरं हायत, शेळ्या हायत. शेजारच्यांनी बी तेच धरलं. काकू न्हाई म्हनल्यावर कोन व्हय म्हनतंय?" आप्पांनी हातातली मेंढी सोडून दिली. "निरोप धाडलाय. पिल्लू सोडून या, मग बसा. आमुशा झाली का उतरतो म्हनलो व्हतो. चार दिस राहिलेत."

"मग?"

"मग काय. माळावर सोडायचं. त्येचा बाप बघंल."

"त्याचा बाप त्याला उभा फाडंल!" मामी वाघरीआडून कडाडली. "मेंढरांच्या वासाचं पोर ते. लांडगं घेतील का त्याला? आन् कुत्री घेतील का? डॉक्टर, मी काय म्हनलं व्हतं तुम्हाला?"

मी सुई पुसत बसलो. पिल्लाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. बापाचीच सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या ओट्यावर हजर. रात्रभर भाषण तयार केलं होतं. कुत्रा आणि लांडगा यांतले सात फरक. शेपटी, कान, कपाळ, सगळं. मी पहिल्या फरकाला हात घातला तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, फेटा बांधून मांडवात बसला होता तो कोण?"

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि घोंगडी दातानं तपासली ती कुणी?"

"काकू, ती आपली गंमत."

"गंमत व्हय? माझ्या सुनेच्या साखरपुड्यात केलीत तुम्ही गंमत. पंगतीत बसलेली सगळी माणसं घरी जाऊन म्हणाली, डॉक्टर खुद्द सांगत होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर थापा म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही सरकारी माणूस. आता मी व्हय म्हटलं आणि उद्या कुणाचं करडू गेलं, तर ते म्हणतील काकूंनी लांडगा आणला."

"पण ते लांडगा नाही."

"तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता?"

मी छातीपर्यंत हात नेला. तिथे पोचल्यावर तो थांबला. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी माझा अर्ध्यावर थांबलेला हात बघितला आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"सोयरीक तुम्हीच जमवलीत," त्या म्हणाल्या. "तर मग रीतीनं होऊ द्या. परवा सकाळी दाखवायला आणा. मी चार माणसं बोलावते. बघू पोरगं कसं आहे."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. पण परवा सकाळी आम्ही अंगणात शिरलो तर सतरंजी अंथरलेली, शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं ओळीने बसलेली, आणि सून पोह्यांच्या बश्या फिरवत होती. मामीने पिल्लाला धुऊन, तेल लावून, गळ्यात लाल दोरा बांधून आणलं होतं. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी मध्यस्थ, म्हणून मला खुर्ची.

"बसा," काकू म्हणाल्या. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"न्हाई," मामी म्हणाली. ती या खेळात लगेच शिरली. पण तिच्या हातातली दोरी घट्ट गुंडाळलेली मला दिसत होती.

"जरा चालवून दाखवा."

मामीने त्याला अंगणातून इकडून तिकडे नेलं. लांब टांगा, मान खाली, पाऊल वाजत नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. ओळीतले एक म्हातारे आबा म्हणाले, "चाल काय बरी न्हाई."

"आईवर गेलंय का बापावर?" दुसऱ्याने विचारलं.

"रंग बापाचा, गुण आईचे," मी घाईघाईने म्हणालो.

"बाप काय करतात?"

"फिरतीची नोकरी," आप्पा शांतपणे म्हणाले. ओळ फुटली. माणसं गुडघ्यावर हात मारून हसली. मला जरा धीर आला. पण काकू हसत नव्हत्या. त्या पिल्लाच्या डोळ्यांत बघत होत्या.

"भुंकून दाखवा," त्या म्हणाल्या.

लांडगा भुंकत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत. मी मामीकडे पाहिलं. मामीने मान खाली घातली. ते पिल्लू जन्मल्यापासून एकदाही भुंकलं नव्हतं.

"लाजतंय," मी म्हणालो.

"लाजू द्या. आम्हाला घाई नाही."

मामीने चुचकारलं. आप्पांनी टाळी वाजवली. कुणीतरी काठी आपटली. पिल्लू बसलं, आणि एकेकाकडे सभ्यपणे बघत राहिलं. आप्पांचं रान, मेंढ्यांचं पाणी, त्या पोराचा जीव, सगळं त्या एका भुंकण्यावर येऊन अडलं होतं. आणि हे सगळं तिथवर आणलं होतं कुणी?

मी खुर्चीवरून उठलो. सरकारी पँटचे गुडघे सतरंजीवर टेकवले, पिल्लाच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि भुंकलो.

चांगला भुंकलो. मी कोणतंही काम अर्धवट करत नाही. आधी दोनदा तुटक, मग लांबलचक, मग शेवटी ते वस्तीतलं कुत्रं मोटरसायकलमागे लागल्यावर करतं तसं घशातून. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उठलं. मग कॅनॉलपलीकडचं. मग अख्खा शिवार भुंकायला लागला. गोठ्यातल्या वासरांनी दावी ताणली. पिल्लाने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला, आणि माझं नाक चाटलं.

भुंकलं मात्र नाही.

मी तसाच गुडघ्यांवर. वर बघायची हिंमत नव्हती. मग एक आवाज आला, पाण्याची मोटर सुरू होताना गुरगुरते तसा. काकू हसत होत्या. डोळ्याला पदर लावून, हलत, शब्द फुटत नाही अशा. सगळी ओळ हसत होती. सुनेच्या हातातली पोह्यांची बशी सतरंजीवर कलंडली.

"उठा, उठा डॉक्टर," काकू कशाबशा म्हणाल्या. "पोह्यात गुडघा जाईल."

मी उठलो. त्या थोड्या सावरल्या, आणि मग सरपंच असताना बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "पोरगं काय आहे ते मला कळलं नाही. डॉक्टरांनाही कळलेलं नाही. पण डॉक्टर, तुमच्या त्या मांडवाच्या गोष्टीनं जेवढं लोकांचं डोकं फिरवलंय, तेवढंच आता ही गोष्ट फिरवंल. जिथं जिथं ती सांगितली, तिथं तिथं जाऊन ही सांगायची. भुंकण्यासकट. कारेगाव, पाटस, डेअरी. एक जागा सोडायची नाही. माणसं तुम्हाला हसायला लागली की लांडग्याला विसरतील. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

"मग आप्पा, पिल्लाला पहिले आठ दिवस दोरी. आणि या उतरून."

मामीने खाली वाकून सतरंजीवरचे पोहे गोळा करायला सुरुवात केली. सून "राहू द्या मामी" म्हणत होती, पण तिला थांबायचं नव्हतं. तिला चेहरा लपवायला काहीतरी हवं होतं.

मी शब्द पाळला. कारेगावच्या टपरीवर भुंकलो, तेव्हा तो क्रेनवाला इतका हसला की त्याने मला उसाचा रस पाजला. डेअरीच्या ओट्यावर भुंकलो. पाटसला तर माझ्या भुंकण्यापायी एस.टी.च्या कंडक्टरने दोन मिनिटं गाडी थांबवली. 'लांडगा पाळणारे आप्पा' हे नाव हळूहळू मागे पडलं आणि माझं एक नवीन नाव पडलं. ते मी इथे लिहीत नाही.

पण हे नंतरचं; त्याआधी, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या उतरल्या. मीही गेलो होतो. काकू बांधावर उभ्या, पंधरा-वीस शेजारी कामाच्या निमित्ताने आजूबाजूला. माळाच्या कडेवरून मेंढ्यांचा लोट धुळीसकट खाली आला, घोड्यावर कोंबडी, मागे तांबडी. सगळ्यात शेवटी मामी आणि दोरीला पिल्लू. उतार संपतो तिथे, जिथे मुरूम थांबतो आणि काळी माती सुरू होते, तिथे ते पिल्लू बसलं. दोरी ओढली तरी उठेना. ओलसर माती त्याने जन्मात पाहिली नव्हती. ते मागे माळाकडे बघू लागलं. वर टेकडावर काहीच नव्हतं, नुसतं गवत हलत होतं. पण सगळे तिकडेच बघायला लागले. काकूसुद्धा.

मामीने ओढणं सोडलं. कमरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि काळ्या मातीत चार पावलं पुढे जाऊन धरला. पिल्लाने एकदा माळाकडे पाहिलं, एकदा भाकरीकडे. मग एक एक पाय झटकत, चिखल लागल्यासारखं तोंड करत, रानात उतरलं आणि भाकरी खाल्ली.

"भाकरीला आलं!" काकू मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "म्हंजी आपलंच हाय."

लोक आपापल्या कामाला पांगले. मला राहवलं नाही. इतके दिवस ज्ञान आतल्या आत दाबून ठेवलं होतं. मी आप्पांच्या शेजारी जाऊन, छाती फुगवून म्हणालो, "बघा, मी म्हणत नव्हतो? लांडगा काही भाकरी खात नाही."

आप्पा मेंढ्यांकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"खातो, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "भूक लागली का खातो. लई वेळा बघितलाय मी. फकस्त बोलू नका."

त्यांचे खांदे हलत होते. मी आजूबाजूला पाहिलं, काकू बऱ्याच लांब गेल्या होत्या. मी तोंड मिटलं, आणि भाकरीच्या बाबतीत ते त्या रानातून मेंढ्या उठेपर्यंत उघडलं नाही.